नाकारणाऱ्या चर्चमध्येच अलेक्झांडर क्रमेल आयुष्यभर का राहिले?

प्रश्न : करवीर_वाचक

नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात मी अलेक्झांडर क्रमेल या कृष्णवर्णीय अमेरिकन एपिस्कोपल धर्मगुरूंच्या जीवनावर बोलणार आहे. त्यांचा जीवनक्रम मी बऱ्यापैकी जुळवला आहे, पण एका प्रश्नापाशी माझे व्याख्यान अडले आहे आणि त्यासाठी येथील जाणकारांचे साहाय्य हवे आहे.

ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रमेल यांचा जन्म १८१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील बोस्टन क्रमेल यांना लहानपणी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते; पुढे ते स्वतंत्र होऊन कालवे (ऑयस्टर) विकण्याचा व्यवसाय करू लागले. आई जन्मतःच स्वतंत्र होती. १८३५ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील कनान या गावी कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश देणाऱ्या नॉइस अकादमीत ते शिकायला गेले, तेव्हा गावकऱ्यांनी बैलांच्या जोड्या लावून शाळेची इमारतच जागेवरून ओढून काढली आणि मुलांना गाव सोडावे लागले. नंतर ओनायडा इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १८३९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीत अर्ज केला आणि केवळ वर्णामुळे तो नाकारला गेला. बिशप बेंजामिन ऑन्डरडॉंक यांनी त्यांना अतिशय कठोर शब्दांत झिडकारले. अखेर १८४२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ते डीकन, म्हणजे पहिल्या पायरीचे दीक्षित पाळक, झाले आणि १८४४ साली प्रीस्ट, म्हणजे पूर्ण पाळक, झाले.

माझी अडचण अशी आहे. आमच्या मंडळात सत्यशोधक परंपरा मानणारे आणि आंबेडकरी चळवळीतले लोक मोठ्या संख्येने आहेत. ज्या गावात वेदोक्त प्रकरण घडले, जिथल्या राजाने पुरोहितांच्या नकाराला उत्तर म्हणून १९२० मध्ये पाटगावच्या मठावर क्षात्रजगद्गुरूंची नेमणूक केली, आणि त्याच वर्षी ज्या संस्थानातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली, त्या गावातले श्रोते पहिला प्रश्न हाच विचारतील की ज्या धर्मसंस्थेने दार लावले तिच्याच दाराशी हा माणूस पन्नासहून अधिक वर्षे का उभा राहिला. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेले उत्तर सर्वांच्या मनात असणारच. शिवाय क्रमेल यांच्यासमोर पर्याय नव्हता असेही नाही. रिचर्ड ॲलन यांनी १८१६ मध्ये फिलाडेल्फियात आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हे कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र चर्च उभे केले होते आणि क्रमेल यांच्या तरुणपणी ते चांगले वाढलेले होते.

दुसरी शंका लायबेरियाविषयी आहे. तेथे त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काढली, पण मूळच्या आफ्रिकन लोकांविषयी त्यांनी जे लिहिले ते वाचताना मन अस्वस्थ होते. हा भाग श्रोत्यांपुढे कसा ठेवावा?

उत्तर : शाहूपुरीकर

ताई, तुमचा प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मात्र त्याचे उत्तर क्रमेल यांच्या स्वभावात किंवा सोशिकपणात शोधू नका. एपिस्कोपल चर्चचा कारभार कसा चालतो ते श्रोत्यांना आधी समजले, तर त्यांना नेमके काय नाकारले गेले हे कळेल आणि मग ते का राहिले हेही बऱ्याच अंशी उलगडेल.

एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची अमेरिकन शाखा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८९ पर्यंत तिने आपली स्वतंत्र घटना तयार केली. या घटनेत बिशपांना मोठा अधिकार असला, तरी प्रत्येक धर्मप्रांताची वार्षिक परिषद भरते आणि तिच्यात पाळकांबरोबर प्रत्येक मंडळीने निवडलेले सामान्य प्रतिनिधीही बसतात. सर्व धर्मप्रांतांची मिळून जनरल कन्व्हेन्शन ही सर्वोच्च परिषद असते. कृष्णवर्णीयांना या चर्चमध्ये बाप्तिस्मा मिळत होता, प्रभुभोजन मिळत होते, स्वतःची मंडळी स्थापन करता येत होती, एवढेच काय, पाळकही होता येत होते. फिलाडेल्फियाची सेंट थॉमस मंडळी १७९४ पासून चालू होती आणि तिचे ॲब्सलम जोन्स हे या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय प्रीस्ट झाले. कृष्णवर्णीयांना मिळत नव्हती ती परिषदेतील जागा. उपासना करा, पण निर्णयाच्या वेळी बाहेर थांबा, अशी ती व्यवस्था होती.

क्रमेल ज्या मंडळीत वाढले ती न्यूयॉर्कची सेंट फिलिप्स मंडळी हे याचे ठळक उदाहरण आहे. तिचे पाळक पीटर विल्यम्स गुलामगिरीविरोधी संस्थेत काम करीत होते. १८३४ मध्ये शहरात कृष्णवर्णीयांविरुद्ध दंगल झाली, त्यांच्या चर्चची मोडतोड झाली, आणि त्यानंतर बिशप ऑन्डरडॉंक यांनी संरक्षण देण्याऐवजी विल्यम्स यांनाच त्या संस्थेचा राजीनामा द्यायला लावला. क्रमेल तेव्हा पंधरा वर्षांचे होते. आपल्या लाडक्या पाळकाला बिशपच्या आज्ञेपुढे मान तुकवावी लागल्याचे त्या वयात ज्याने पाहिले, तो पाचच वर्षांनी त्याच बिशपसमोर अर्ज घेऊन उभा राहतो, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. समोर कोण आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे १८५३ मध्ये सेंट फिलिप्सला धर्मप्रांताच्या परिषदेत प्रवेश मिळाला, पण त्यासाठी अनेक वर्षे अर्जविनंत्या आणि वादविवाद करावे लागले.

फिलाडेल्फियातील प्रसंग तर व्याख्यानात अवश्य घ्या. प्रीस्ट होण्याच्या सुमारास क्रमेल तेथे काम मागायला गेले. तेथील बिशप हेन्री ऑन्डरडॉंक हे न्यूयॉर्कच्या बिशपांचे सख्खे भाऊ. त्यांनी अट घातली की धर्मप्रांताच्या परिषदेत कृष्णवर्णीय पाळकाने बसायचे नाही आणि कृष्णवर्णीय मंडळीने प्रतिनिधित्व मागायचे नाही, हे मान्य असेल तर जागा आहे. क्रमेल यांनी ही अट नाकारली. त्या वेळी ते अतिशय गरिबीत होते, प्रकृती बरी नव्हती आणि दुसरे काम हाताशी नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नकाराचे मोल कळते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझे मत असे आहे की क्रमेल यांच्या दृष्टीने चर्च हे ऑन्डरडॉंक बंधूंच्या मालकीचे नव्हतेच. या परंपरेची शिकवण अशी की बिशपांचा अधिकार प्रेषितांपासून अखंड चालत आला आहे आणि दीक्षेच्या वेळी डोक्यावर हात ठेवून तो पुढे दिला जातो. एकदा ती दीक्षा मिळाली की गोऱ्या प्रीस्टचे पद आणि काळ्या प्रीस्टचे पद यांत फरक उरत नाही, कारण ते पद देणारा बिशप हा केवळ माध्यम असतो. ज्याने ही शिकवण मनापासून स्वीकारली आहे, त्याच्या दृष्टीने बाहेर पडणे म्हणजे हे चर्च गोऱ्यांचेच होते हा प्रतिपक्षाचा दावा मान्य करून टाकणे होते. ॲलन यांचा मार्ग चुकीचा होता असे मी म्हणत नाही. त्या मार्गाने कृष्णवर्णीयांना स्वतःचे बिशप, स्वतःची मालमत्ता आणि स्वतःची विद्यालये मिळाली. परंतु क्रमेल यांचा दावा हक्काचा होता, आणि हक्क सांगणारा माणूस जागा सोडत नाही.

याचा पुरावा म्हणून १८८३ चे साल श्रोत्यांपुढे ठेवा. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील बिशपांना कृष्णवर्णीय मंडळ्या आपल्या नेहमीच्या परिषदांमध्ये नको होत्या. त्या वर्षी टेनेसीतील सिवानी येथे जमून त्यांनी असा ठराव पुढे आणला की कृष्णवर्णीय मंडळ्यांची वेगळी मिशनरी रचना करावी आणि ती बिशपच्या देखरेखीखाली ठेवावी. क्रमेल तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. त्यांनी देशभरातील कृष्णवर्णीय पाळकांना आणि सामान्य सभासदांना एकत्र आणले, आणि त्याच वर्षीच्या जनरल कन्व्हेन्शनमध्ये तो ठराव संमत होऊ शकला नाही. आत राहण्याचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारले तर हे त्याचे रोखठोक उत्तर आहे. दक्षिणेतील अनेक धर्मप्रांतांनी नंतर आपापल्या पातळीवर तसेच भेद केले, हेही प्रामाणिकपणे सांगावे लागेल.

वेदोक्ताशी तुलना करताना एक फरक मात्र जरूर सांगा. शाहू महाराजांच्या हाती राजसत्ता होती. उत्पन्ने जप्त करणे, पुरोहितांसाठी नवी शाळा काढणे, नवे पीठ निर्माण करणे या गोष्टी त्यांना शक्य होत्या. क्रमेल यांच्या हाती दीक्षा आणि विद्वत्ता याखेरीज काहीही नव्हते.

उत्तर : मिरजेचा_वाचक

शाहूपुरीकर सरांनी घटनेची बाजू उत्तम मांडली आहे. आमच्या घरात तीन पिढ्या पाळकपदाची परंपरा असल्यामुळे एक गोष्ट सुचवाविशी वाटते. क्रमेल यांना केवळ वक्ते आणि विचारवंत म्हणून मांडू नका, ते पाळक होते. लायबेरियातून परतल्यावर १८७३ पासून त्यांनी वॉशिंग्टनमधील सेंट मेरीज ही छोटी मंडळी सांभाळली, मग वर्गणी गोळा करून सेंट ल्यूक्स ही नवी मंडळी उभारली. तिची इमारत कॅल्व्हिन ब्रेंट या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकाराने बांधली आणि १८७९ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तेथे पहिली उपासना झाली. १८९४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथे होते. मंडळीतील लोकांशी त्यांचे खटकेही उडत. शिस्तीच्या बाबतीत ते फार कडक होते आणि उपासनेत आरडाओरडा किंवा भावनेचा अतिरेक त्यांना खपत नसे. एपिस्कोपल चर्चविषयी त्यांना वाटणाऱ्या आपुलकीचे हेही एक कारण असावे. नेमून दिलेल्या प्रार्थना, पंचांगाप्रमाणे चालणारे सण आणि शिकलेला पाळक या गोष्टी त्यांना आपल्या समाजासाठी अत्यावश्यक वाटत होत्या.

ताई, तुमच्या श्रोत्यांमध्ये ख्रिस्ती मंडळीही असतील. कोल्हापूरला रॉयल वायल्डर १८५२ मध्ये आले तेव्हापासून अमेरिकन मिशनशी आपल्या भागाचा संबंध आहे, आणि मिशनच्या हाताखाली काम करणाऱ्या देशी माणसाची घुसमट आपल्या लोकांना नवीन नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार स्थापन केला, हे उदाहरण त्यांना लगेच आठवेल. टिळकांनी ख्रिस्त सोडला नाही, मिशनची चौकट सोडली. क्रमेल यांनी चौकटही सोडली नाही. हा फरक घेऊन चर्चा चांगली रंगेल असे वाटते.

उत्तर : इतिहास_शिक्षिका

लायबेरियाविषयी लिहिते. हा भाग झाकून क्रमेल सांगता येत नाहीत, आणि तो सौम्य करूनही सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लायबेरिया हा देश अमेरिकेतून परत पाठवलेल्या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीतून निर्माण झाला आणि १८४७ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक बनला. क्रमेल तेथे १८५३ मध्ये पोचले ते थेट इंग्लंडहून, केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजची पदवी घेऊन. मंडळीच्या इमारतीसाठी निधी गोळा करायला म्हणून ते १८४८ मध्ये इंग्लंडला गेले होते, तेथील हितचिंतकांनी त्यांच्या शिक्षणाची सोय केली आणि केंब्रिजमधून पदवी घेतल्याची नोंद असलेले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. अमेरिकेत परत जाऊन पुन्हा तोच अपमान सोसण्यापेक्षा, जिथे राष्ट्राध्यक्षापासून शिपायापर्यंत सर्व कृष्णवर्णीय आहेत अशा देशात आपल्या विद्येचा उपयोग होईल, हा त्यांचा विचार समजण्यासारखा आहे. एपिस्कोपल मिशनचे पाळक, केप पामास येथील माउंट वॉन शाळेचे प्रमुख आणि नंतर लायबेरिया कॉलेजचे प्राध्यापक अशी कामे त्यांनी केली.

परंतु तेथे पोचल्यावर ते ज्या वर्गाचे सभासद झाले तो वर्ग अमेरिकेतून आलेल्या अल्पसंख्य वसाहतकारांचा होता. किनाऱ्यावर सत्ता त्यांची आणि भोवताली ग्रेबो, वाय, क्रू अशा मूळच्या जमाती, ज्यांना नागरिकत्वात बरोबरीचे स्थान नव्हते. क्रमेल यांनी १८६० मध्ये लायबेरियातील इंग्रजी भाषेवर एक भाषण दिले. त्यात इंग्रजी ही स्वातंत्र्याची आणि सुधारणेची भाषा असून आफ्रिकन भाषा तिच्यापुढे हीन आहेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या मते आफ्रिकेचा उद्धार ख्रिस्ती धर्म, इंग्रजी शिक्षण आणि शिस्त यांच्या मार्गानेच होणार होता, आणि गरज पडल्यास वसाहतकारांनी मूळ रहिवाशांना बळाने वळण लावावे इथपर्यंत त्यांची मजल गेली. ज्या माणसाला बिशपांनी कमी लेखले, त्याच माणसाने दुसऱ्या समाजाला त्याच चष्म्यातून पाहिले, हे वाचताना मलाही वेदना होतात.

याला त्यांच्या काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच काळात त्याच देशात त्यांचे सहकारी एडवर्ड विल्मट ब्लायडन वेगळ्या दिशेने विचार करू लागले होते. ब्लायडन अरबी शिकले, त्यांनी आफ्रिकेतील मुस्लिम समाजांचा अभ्यास केला आणि आफ्रिकन समाजजीवनात जपण्यासारखे पुष्कळ आहे असे पुढे ठामपणे लिहिले. म्हणजे दुसरा विचार त्या काळात शक्य होता.

वसाहतकारांमध्येही वर्णभेद होताच. फिकट वर्णाच्या मिश्रवंशीय घराण्यांचे वर्चस्व होते आणि गडद वर्णाचे क्रमेल त्यांच्याशी सतत झगडत राहिले. १८६६ मध्ये त्यांना कॉलेजमधून काढून टाकण्यात आले. १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष एडवर्ड रॉय यांना सत्तेवरून खाली खेचले गेले, आणि स्वतःचाही जीव सुरक्षित नाही असे वाटल्यामुळे क्रमेल १८७२ मध्ये अमेरिकेस परतले. ज्या देशावर त्यांनी एवढी श्रद्धा ठेवली तेथून त्यांना असे निघावे लागले. गुलामगिरी संपल्यामुळे अमेरिकाही आता त्यांना वेगळी दिसत होती, हे जोडून सांगायला हवे.

आपल्याकडील श्रोत्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. सुधारणेचा मार्ग इंग्रजी विद्येतून जातो ही भावना महात्मा फुले यांच्याही लेखनात आहे. पण फुले शूद्रातिशूद्रांशी त्यांच्याच बोलीत, अखंडांतून आणि शेतकऱ्यांच्या भाषेत बोलत होते, आणि क्रमेल यांना लायबेरियात तसे करावेसे वाटले नाही. फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा क्रमेल नुकतेच वॉशिंग्टनला येऊन कामाला लागले होते. ही समकालीनता उल्लेखनीय आहे, मात्र तिच्यावरून दोघांमध्ये संबंध जोडू नका.

करवीर_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. शाहूपुरीकर सर, परिषदेतील जागेचा मुद्दा माझ्या टिपणांत होता, पण तोच व्याख्यानाचा कणा होऊ शकतो हे आपल्या उत्तरामुळे जाणवले. शिक्षिकाताई, ब्लायडन यांचा भाग मी विस्ताराने घेईन.

आणखी एक विचारते. आमच्या मंडळातील बऱ्याच जणांना कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे नाव बाबासाहेबांनी त्यांना १९४६ मध्ये लिहिलेल्या पत्रामुळे माहीत आहे. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात क्रमेल यांच्यावर पूर्ण प्रकरण लिहिले आहे. ते प्रकरण आधार म्हणून कितपत घ्यावे? आणि फ्रेडरिक डग्लस यांच्याशी त्यांचा जो वाद झाला तो सांगावा का?

उत्तर : शाहूपुरीकर

ड्यू बॉइस यांचे प्रकरण जरूर वाचून दाखवा, पण चरित्र म्हणून त्यावर विसंबू नका. ती एका तरुणाने वृद्ध गुरूला वाहिलेली आदरांजली आहे. विल्बरफोर्स विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ड्यू बॉइस यांनी क्रमेल यांना प्रथम पाहिले आणि नकळत त्यांची मान लवली. द्वेष, निराशा आणि संशय या तीन मोहांतून क्रमेल कसे पार पडले, या सूत्रावर सारे प्रकरण रचलेले आहे आणि बिशपांचे प्रसंग त्यात अत्यंत प्रभावी उतरले आहेत. परंतु लायबेरियाची वीस वर्षे त्यात भराभर मागे पडतात. शिक्षिकाताईंनी वर लिहिलेला सर्व कडू भाग तेथे सापडणार नाही.

डग्लस यांच्याशी झालेला वाद सांगाच, कारण तो आपल्याकडे आजही चालू आहे. १८८५ मध्ये हार्पर्स फेरी येथील स्टोरर कॉलेजमध्ये क्रमेल यांनी नव्या युगासाठी नवे विचार आणि नवी उद्दिष्टे या विषयावर भाषण केले. गुलामगिरीची आठवण मनात राहणारच, पण सतत तिच्यातच वावरत राहिले तर समाजाचे मन दुबळे होते, म्हणून तरुणांनी कुटुंब, उद्योग, चारित्र्य यांकडे लक्ष वळवावे, असे त्यांचे म्हणणे होते. श्रोत्यांत बसलेल्या डग्लस यांनी तेथेच आपला तीव्र विरोध नोंदवला. स्वतः गुलामगिरी भोगलेल्या आणि ती विसरली जाऊ नये म्हणून आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाला हे पटणे शक्य नव्हते. माझा स्वतःचा कल डग्लस यांच्याकडे आहे, पण क्रमेल यांच्या म्हणण्यामागे वॉशिंग्टनमधील पाळकाचा रोजचा अनुभव होता, हे विसरता येत नाही. त्यांच्यासमोर गुलामगिरीनंतर जन्मलेली मुले होती आणि त्यांना कामाला लावणे ही त्यांची जबाबदारी होती. त्याआधी दोनच वर्षे, १८८३ मध्ये, दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या दुर्दशेवर त्यांनी दिलेले भाषण वाचले तर गुलामगिरीने काय केले हे ते मुळीच विसरले नव्हते याची खात्री पटते.

शेवटी अमेरिकन निग्रो अकादमीचा भाग घ्या. मार्च १८९७ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय विद्वानांची ही संस्था स्थापन केली. पहिल्याच बैठकीत ड्यू बॉइस यांनी निबंध वाचला आणि क्रमेल यांच्या मृत्यूनंतर तेच तिचे अध्यक्ष झाले. कृष्णवर्णीयांना हातकामाचे शिक्षण पुरे आहे असा सूर तेव्हा देशभर होता, आणि त्याला विरोध हा अकादमीचा एक हेतू होता. त्याच वर्षी तेथे केलेल्या एका भाषणात क्रमेल यांनी बालपणाची गोष्ट सांगितली. गुलामगिरीविरोधी संस्थेच्या न्यूयॉर्क कार्यालयात ते लहानमोठी कामे करीत असताना बोस्टनचे दोन वकील तेथे आले आणि त्यांनी वॉशिंग्टनमधील एका भोजनप्रसंगाची हकिकत सांगितली. त्या भोजनात सिनेटर जॉन कॅल्हून म्हणाले होते की ग्रीक वाक्यरचना जाणणारा एखादा निग्रो सापडला तर निग्रो हा माणूस आहे असे आपण मानू. क्रमेल पुढे ओनायडात ग्रीक शिकले आणि केंब्रिजलाही. भाषणात त्यांनी कॅल्हून यांच्या या मूर्खपणाची टर उडवली. ज्या देशात कृष्णवर्णीयांना अक्षरओळख करून देणेही अनेक राज्यांत गुन्हा होता, तेथे त्यांच्यापैकी कोणी ग्रीक का जाणत नाही असे विचारले जाते, या अन्यायाकडे ते लक्ष वेधत होते.

व्याख्यानाला वेळ कमी असेल तर केंब्रिजचे कौतुक आणि इंग्लंडमधील मान्यवरांची नावे वगळा. फिलाडेल्फियाची अट, १८८३ चा सिवानी ठराव आणि १८९७ ची अकादमी हे तीन भाग मात्र सलग सांगा, आणि लायबेरिया त्यांच्या मध्ये, कालक्रमाने जिथे येतो तिथेच ठेवा. शेवटी प्रश्नोत्तरांना पुरेसा वेळ राखून ठेवा. वेदोक्ताचा प्रश्न कोणीतरी विचारणारच आहे, तो तुम्ही आधीच उपस्थित करण्यापेक्षा श्रोत्यांकडून आलेला बरा.